जुन्या मोटारीचें गणगोत

दसऱ्याच्या सकाळीं आमच्या वाड्यांत दोन पूजा होत असत. पहिली देवघरांत, पुस्तकांची व शस्त्रांची. शस्त्रें म्हणजे विळी, अडकित्ता आणि वडिलांचे पान्हे. दुसरी मागील अंगणांत, पत्र्याच्या छपराखालीं, एका करड्या मोटारीची. मातोश्री तिच्या नाकावर कुंकवाचें स्वस्तिक काढीत, झेंडूचा हार घालीत आणि चाकाखालीं लिंबू ठेवीत. मग घरांतलें सर्वांत लहान मूल मांडीवर घेऊन वडील गाडी हात-दोन हात पुढें घेत. लिंबू फुटला कीं सण पुरा झाला, असें आम्ही मुलें समजत असूं.

ही मोटार म्हणजे १९५७ सालची फियाट अकराशें. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत ती जोडली गेली. तिच्या ठेंगण्या, गुबगुबीत अंगलटीमुळें मुंबईकरांनीं या जातीच्या गाडीला 'डुक्कर फियाट' असें नांव दिलें होतें. वराह हाहि एक अवतारच असल्यामुळें आमच्या आजोबांनीं त्या नांवाला हरकत घेतली नाहीं. हिच्याच वंशांत पुढें प्रीमियर पद्मिनी जन्मास आली आणि मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून दोन पिढ्यांच्या ओळखीची झाली. त्या टॅक्सींपैकीं अखेरची ऑक्टोबर २०२३ मध्यें वीस वर्षांची मुदत भरून रस्त्यावरून गेली, तेव्हां वर्तमानपत्रांनीं जणूं एखाद्या वृद्ध आप्ताच्या निधनाची वार्ता छापावी तशी ती छापली.

मोटार जुनी झाली म्हणजे तिला आप्त लागतात, हेंच आज आम्हांस सांगावयाचें आहे. गेलीं कांहीं वर्षें आम्ही जुन्या मोटारींच्या एका मंडळाचे सभासद आहों. मंडळाचें नांव येथें देत नाहीं. कारण जें सांगणार तें थोड्याफार फरकानें अशा सर्वच मंडळांस लागू पडेल. "असल्या मंडळांत शिरून मिळतें काय?" असें आमचे स्नेही विचारतात. मिळतें पुष्कळ, आणि जातेंहि पुष्कळ. दोन्ही बाजू प्रामाणिकपणें मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम या प्रथेचा थोडा इतिहास. इंग्लंडांत १८९६ पर्यंत असा कायदा होता कीं, यंत्रानें चालणाऱ्या वाहनानें खुल्या रस्त्यावर ताशीं चार मैल व गांवांत ताशीं दोन मैल याहून अधिक वेगानें जाऊं नये, आणि वाहनापुढें एक मनुष्य पायीं चालत असावा. १४ नोव्हेंबर १८९६ रोजीं नवा कायदा अमलांत आला; त्यांत वेगाची मर्यादा चौदा मैलांपर्यंत वाढविली होती. त्या आनंदांत मोटारवाल्यांनीं त्याच दिवशीं लंडनहून समुद्रकांठच्या ब्रायटन गांवापर्यंत आपलीं वाहनें हांकलीं. कित्येक अर्थातच वाटेंत बंद पडलीं. पुढें १९२७ सालीं त्या प्रवासाची आठवण म्हणून जुन्या मोटारी पुन्हां त्याच वाटेनें नेण्यांत आल्या, आणि १९३० सालीं अशा मोटारींच्या मालकांनीं आपलें एक मंडळ स्थापन केलें. १ जानेवारी १९०५ पूर्वीं तयार झालेल्या मोटारींनाच या यात्रेंत प्रवेश असतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारीं, उजाडतांच, लंडनच्या हाइड पार्कांतून ही दिंडी आजहि निघते.

या यात्रेवर १९५३ सालीं 'जेनेव्हीव्ह' नांवाचा एक बोलपट निघाला. जेनेव्हीव्ह हें त्यांतील नायिकेचें नांव नव्हे. तें एका १९०४ सालच्या दाराक मोटारीचें नांव आहे. परंतु बोलपटाचा खरा विषय मोटार नाहींच. तिच्यापायीं नवरा-बायकोंत होणारे रुसवे आणि दोन मित्रांत लागणारी ईर्ष्या हा आहे. म्हणजे असल्या मंडळींतील प्रेम आणि भांडण हीं जुळीं भावंडें आहेत, हें तिकडे फार पूर्वींच ओळखलें गेलें होतें. आम्हांस मात्र तें स्वानुभवानेंच शिकावें लागलें.

आपल्याकडे मोटार चालविणाऱ्यांची संस्था मुंबईंत १९१९ पासून आहे; पण जुन्या मोटारींचा सोहळा म्हणून जो प्रसिद्ध झाला, तो दिल्लींत 'स्टेट्समन' पत्रानें १९६४ सालीं सुरू केला. त्यानंतर निरनिराळ्या शहरांत मंडळें निघालीं. त्यांत संस्थानिकांच्या चांदीच्या मुठींच्या मोटारी असतात, तशा आमच्यासारख्या मध्यमवर्गीयांच्या फियाट, मॉरिस आणि अँबेसेडरहि असतात. इंग्रजांच्या हिशेबानें १९३० अखेरपर्यंतच्या गाडीलाच 'व्हिंटेज' म्हणावयाचें. आपल्या सरकारच्या २०२१ सालच्या नियमानें मात्र पन्नास वर्षें उलटलेली आणि मूळ स्वरूपांत असलेली कोणतीहि गाडी 'व्हिंटेज' ठरते. तेव्हां आमची फियाट विलायतेंत गेली तर 'क्लासिक' आणि पुण्यांत राहिली तर 'व्हिंटेज'!

वडिलांनीं ती १९६४ सालीं मुंबईच्या एका डॉक्टरांकडून विकत घेतली. घरांत माणसें अकरा आणि गाडी चार-पांच जणांची. म्हणून त्यांनीं नाना पेठेंतील एका लोहाराकडून टपावर लोखंडी कॅरियर बसवून घेतलें. त्या कॅरियरवरून आत्याच्या लग्नांतलें रुखवत गेलें, कोंकणांतून तांदुळाचीं पोतीं आलीं, आणि दर मे महिन्यांत वळकट्यांचा डोंगर गेला. धाकट्या बंधूनें १९६९ सालीं, नुकतीं अक्षरें शिकला असतां, मागच्या मडगार्डवर खिळ्यानें 'श्री' कोरली. वडिलांनीं त्याला मारण्यास हात उचलला, आणि अक्षर वळणदार आहे असें पाहून खालीं घेतला.

२००९ सालीं वडील गेले. गाडी दोन वर्षें छपराखालीं तशीच उभी राहिली. टायर बसले, उंदरांनीं गादींत संसार थाटला. शेवटीं एके दिवशीं मातोश्री म्हणाल्या, "ही अशी उभी पाहवत नाहीं. विका, नाहीं तर चालवा." आम्हीं वडिलांच्या मिस्त्रींना बोलाविलें. सत्तरीच्या घरांतले, हात काळे व वाणी गोड. त्यांनीं चाकें उतरविलीं आणि मान हालविली. मागील डाव्या ब्रेकचा सिलिंडर गंजून फुटला होता. "धाकटे साहेब," ते म्हणाले, "हा मिळाला तर गाडी आठवड्यांत रस्त्यावर. नाहीं मिळाला तर माईंना सांगा, हिच्यांत तुळस लावा."

मंगळवार पेठेंतील जुन्या बाजारांत आम्ही तीन रविवार घालविले. मुंबईच्या चोरबाजाराची एक खेप केली. सिलिंडर मिळाला नाहीं. तेव्हां एका परिचितानें मंडळाची वाट दाखविली. आम्हीं वर्गणी भरली आणि पहिल्याच सभेंत, नव्या सुनेनें विचारावें तसें भीतभीत, सिलिंडराबद्दल विचारलें. आठ दिवसांनीं कोल्हापुराहून एक पुडकें आलें. त्यांत दोन सिलिंडर, नवीं रबरें आणि एक चिठ्ठी होती: एक आतां लावा, दुसरा जपून ठेवा, कोणी मागेल त्यास द्या. किंमत लिहिलेली नव्हती. विचारली तर तिकडून उत्तर आलें कीं, आम्हांसहि असाच कोणी दिला होता.

या पुडक्यानें आम्हांस मंडळाचा खरा धर्म कळला. कारखाना बंद झालेल्या गाडीचे सुटे भाग बाजारांत मिळत नाहींत. ते माळ्यांवर, ट्रंकांत, गॅरेजांच्या फळ्यांवर आणि माणसांच्या आठवणींत पडलेले असतात. कोणाच्या माळ्यावर काय आहे, हें ज्यास ठाऊक तो मोठा मनुष्य. आमच्या मंडळांत दंतवैद्य आहेत, साखर कारखान्यांतील रसायनज्ञ आहेत, एक मालट्रकवाले आहेत, एक वयस्कर पारशी बाई आहेत. एरवीं ज्यांचा एकमेकांशीं नमस्काराचाहि संबंध आला नसता, तीं माणसें येथें एकमेकांच्या घरीं जेवतात.

ज्ञानाचा लाभ तर अगणित. २००० सालीं देशभर शिशाविरहित पेट्रोल सुरू झालें, तेव्हां जुन्या इंजिनांच्या झडपांच्या बैठकी लौकर झिजूं लागतील ही चिंता होती. कोणत्या बैठकी बसवून घ्याव्या, हें आम्हांस मंडळांतल्या जाणत्यांनींच सांगितलें. २०२३ पासून टप्प्याटप्प्यानें वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल आलें. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या व पडदे खातें आणि पाणी शोषून टांकीला गंज आणतें. म्हणून नळ्या नव्या जातीच्या रबराच्या घालाव्या आणि गाडी महिनोन्महिने उभी ठेवूं नये, हें आम्हांस कोणत्याहि दुकानदारानें सांगितलें नसतें. उन्हाळ्यांत घाटावर पेट्रोलची नळींतच वाफ होऊन इंजिन बसतें. अशा वेळीं पेट्रोल-पंपावर ओलें फडकें ठेवून पंधरा मिनिटें स्वस्थ बसावें, हा उपाय आमच्या वडिलांना ठाऊक होता, पण आम्हांस तो मंडळांतच पुन्हां शिकावा लागला.

आतां दुसरी बाजू.

मंडळाचा वार्षिक मेळावा म्हणजे परीक्षकांचा दिवस. ते हातांत कागद घेऊन गाडीभोंवतीं फिरतात. रंग मूळचा आहे काय, दिवे त्या सालचे आहेत काय, प्रत्येक खिळा कारखान्यानें दिला तसा आहे काय, हें पाहून गुण देतात. २०१३ सालीं आमच्या गाडीचे गुण कापले गेले. कारणें दोन: टपावरील कॅरियर मूळचें नव्हे, आणि मडगार्डवर ओरखडे आहेत. आम्हांस तें मनाला लागलें. पुढील वर्षभर आम्ही पदरमोड करीत होतों. कॅरियर काढून माळ्यावर टाकलें; अंग पुरतें घासून, भोकें बुजवून, नवा रंग दिला. २०१४ च्या मेळाव्यांत आम्हांस दुसरें पारितोषिक मिळालें. मोठ्या दिमाखानें आम्ही ढाल घेऊन घरीं आलों. मातोश्री ओंवाळावयास आल्या, गाडीला प्रदक्षिणा घातल्यासारख्या एकदां फिरल्या, आणि मागच्या मडगार्डवर हात ठेवून इतकेंच म्हणाल्या, "इथली 'श्री' कुठें गेली?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. त्याच वर्षाच्या अखेरीस धाकटे बंधु अमेरिकेहून आले. त्यांनींहि त्याच जागीं हात फिरविला, आणि कांहीं बोलले नाहींत. ढाल दिवाणखान्यांत लावली होती; ती आम्हीं त्या रात्रीं कपाटांत ठेवली.

जुन्या वाहनांच्या मंडळांचा एक जागतिक महासंघ १९६६ पासून आहे. त्यानें २०१३ सालीं इटलींतील ट्युरिन शहराच्या नांवानें एक सनद मान्य केली. वाहनाच्या आयुष्यांत त्याच्यावर उमटलेल्या इतिहासाचा मान राखावा, आणि तें रस्त्यावर चालत राहावें, म्हणजे तें चालविण्याची व दुरुस्त करण्याची विद्या पुढील पिढीस पोंचेल, असा त्या सनदेचा आशय आहे. आम्हीं ती वाचली ती रंग वाळल्यावर! परीक्षकांना आम्ही दोष देत नाहीं. त्यांनीं गुण कापले, 'श्री' आम्हींच पुसली. दुसऱ्याच्या मोजपट्टीनें आपल्या घरची वस्तु मोजावयास शिकणें, हा मंडळाचा पहिला धोका होय.

दुसरा धोका याहून कठीण. २०१७ च्या वार्षिक भोजनास आम्ही आपल्या मिस्त्रींना बरोबर नेलें होतें. त्या दिवशीं मैदानावर उभ्या असलेल्या गाड्यांपैकीं निम्म्याअधिक गाड्यांवर त्यांचा हात फिरलेला होता. परंतु मंडळाच्या नियमाप्रमाणें सभासदत्व गाडीच्या मालकाला; आणि भोजन सभासदांना व त्यांच्या कुटुंबियांना. दारावरील तरुण स्वयंसेवकानें त्यांना नम्रपणें थांबविलें. मिस्त्री म्हणाले, "असूं द्या, मी घरींच जेवतों," आणि वळून गेले. आम्हीं तें पाहिलें. आमच्या हातांत ताट होतें. आम्ही उठलों नाहीं.

ती गोष्ट लिहितांना आजहि लेखणी अडखळते. ज्या घरांत दारीं आलेल्यास पाण्यावांचून परत पाठवावयाचें नाहीं असें आम्हांस शिकविलें, त्या घरचे आम्ही! दुसऱ्या दिवशीं त्यांच्या घरीं जाऊन आम्हीं क्षमा मागितली. त्यांनीं चहा पाजला आणि विषय बदलला. पुढच्या सभेंत आम्हीं सूचना मांडली कीं, जे हात गाड्या चालत्या ठेवतात त्यांनाहि सभासद करून घ्यावें. वाद माजला. कोणी म्हणाले, उद्यां वॉशिंगवालेहि येतील. कोणी म्हणाले, नियम म्हणजे नियम. आमची सूचना दोन मतांनीं पडली. त्यानंतर हिशेबावरून व अध्यक्षपदावरून निराळेंच भांडण उपटलें, आणि कित्येक सभासद बाहेर पडून त्यांनीं दुसरें मंडळ काढलें. आम्ही दोहोंकडेहि गेलों नाहीं. घरचें खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजावयाच्या, आणि त्याहि अशा लष्कराच्या! पुढें साथीचीं वर्षें आलीं, तीं आमच्या अलिप्तपणाला सोयीचींच झालीं.

पण गाडी चालू होती. आमची पुतणी यंत्रविद्येची विद्यार्थिनी. सुकाणूजवळच्या दांड्यानें गिअर बदलणें तिनें चार दिवसांत आत्मसात केलें, आणि आम्ही शेजारच्या आसनावर गेलों. २०२२ च्या एप्रिलांत ती, तिची आई, मातोश्री व आम्ही असे वाईस निघालों होतों. खंबाटकीच्या चढावर, दिवस मावळण्याच्या सुमारास, इंजिनानें दोन आचके दिले आणि तें बंद पडलें. ओलें फडकें ठेवलें. पंधरा मिनिटांचीं तीस झालीं. कांहीं उपयोग झाला नाहीं. मालट्रक अंगावरून जात होते. मातोश्री दगडावर बसून रामरक्षा म्हणूं लागल्या.

आम्हीं मिस्त्रींना टेलिफोन केला. ते आतां ऐंशीच्या पुढें, दृष्टि मंद झालेली. त्यांनीं आमच्याशीं बोलणेंच टाळलें. "ताईंना द्या," म्हणाले. मग पुतणी बोनेटखालीं वांकली, आणि पुण्यांतील त्या वृद्धानें तिच्या डोळ्यांनीं पाहावयास आरंभ केला. "टोपण काढा. पॉइंट उघडतात कां? स्विच लावून स्क्रू-ड्रायव्हरनें पॉइंट उघडा. ठिणगी पडली? कसली? पिंवळी कीं निळी?" ती म्हणाली, "पिंवळट आहे, मिस्त्रीकाका, आणि पसरट." तिकडून तात्काळ उत्तर आलें, "मग कंडेन्सर गेला. बाकी इंजिन देवासारखें आहे. त्याला हात लावूं नका."

रोग कळला, औषध आमच्या पेटींत नव्हतें. रात्र पडली. मिस्त्रींनींच कोणाकोणास कळविलें असावें. दहाच्या सुमारास साताऱ्याकडून एक गाडी आली, आणि तींतून मंडळाचे दोन सभासद उतरले. दोघांनींहि पांच वर्षांपूर्वीं आमच्या सूचनेविरुद्ध हात वर केलेला होता. एकानें खिशांतून कंडेन्सर काढला, दुसऱ्यानें थर्मासांतून चहा ओतून प्रथम मातोश्रींना दिला. पुतणीनें कंडेन्सर बसविला. तिसऱ्या झटक्याला इंजिन बोलूं लागलें. तीं दोघें आमच्या पुढेंमागें दिवे लावून वाईपर्यंत आलीं. जुन्या मतभेदाचा एक शब्दहि त्यांनीं उच्चारला नाहीं. निघतांना मात्र त्यांतील वडील गृहस्थ म्हणाले, "निदान हा कोणी केला, तें आम्हांस कळलें आहे."

पुढच्या सभेस आम्ही गेलों. या वेळीं सूचना आम्हीं मांडली नाहीं. त्या गृहस्थांनीं मांडली. ती मान्य झाली. मिस्त्रींना सन्माननीय सभासदत्व देऊं केलें तेव्हां ते म्हणाले कीं, फुकटचें नको. आणि वर्गणीचे पैसे मोजून टेबलावर ठेवले. आतां महिन्यांतून एका रविवारीं ते येतात, खुर्चीवर बसतात, आणि तरुण मुलांमुलींना इंजिनाचा आवाज ऐकावयास शिकवितात. दिसत नाहीं म्हणून कान अधिकच तीक्ष्ण झाले आहेत. गेल्या पावसाळ्यांत एका मुलानें गाडी सुरू करतांच ते म्हणाले, "तिसरी झडप टाईट आहे," आणि उघडून पाहतां ती तशीच होती.

या गोष्टीचा शेवट येथेंच झाला असता तर बरें. पण २०२४ सालीं वाडा पाडून इमारत बांधण्याचें ठरलें. नव्या करारांत प्रत्येक बिऱ्हाडास एकाच गाडीची जागा. त्याच सुमारास एका व्यापाऱ्यानें पांच लाख रुपये देऊं केले; त्याला ती एका उपाहारगृहाच्या दर्शनी दालनांत उभी करावयाची होती. घरांत बैठक बसली. वहिनींचें म्हणणें रास्त होतें: रोजच्या जाण्यायेण्याच्या गाडीला जागा नको काय? मुलांच्या शिक्षणाचा खर्च समोर दिसत होता. कायद्याची अडचण नव्हती. २०२१ च्या नियमानें जुन्या गाडीचा मूळ क्रमांक कायम राहूं शकतो, पण व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी मेळावा, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणें अशा कामांपुरतीच रस्त्यावर काढतां येते. म्हणजे रोजच्या उपयोगाची ती राहणार नव्हतीच. व्यवहार पाहिला तर विकणेंच शहाणपणाचें होतें, आणि आम्ही स्वतः त्याच मताकडे झुकलों होतों.

मातोश्री शेवटपर्यंत गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तो तिला उभी करणार ना? मग नको. मीं तेव्हांच सांगितलें होतें, विका नाहीं तर चालवा. विकावयाची तर चालविणाऱ्याला विका."

तोड निघाली ती मंडळांतूनच. मालट्रकवाल्या सभासदांनीं धायरीला एक शेड बांधली आहे. तींत अशा बेघर झालेल्या तीन गाड्या अल्प भाड्यानें राहतात. चौथी आमची. देखरेख पुतणीकडे, आणि पेट्रोलचा खर्च सर्व भावंडांनीं वर्षानुवर्षें वांटून घ्यावयाचा असें ठरलें. पांच लाखांवर पाणी सोडल्याचें वहिनींना अजून वाटतें, आणि तें वाटणें चूक आहे असें आम्ही म्हणणार नाहीं.

वाडा रिकामा करतांना माळ्यावरून कॅरियर निघालें. पुतणीनें तें घासून, रंगवून, पुन्हां टपावर बसविलें. त्या वर्षींच्या मेळाव्यांत गुण कापले गेले, आणि त्याचें कोणास वाईट वाटलें नाहीं. तिला 'श्री' पुन्हां कोरावयाची होती. मातोश्रींनीं ती कोरूं दिली नाहीं. त्या म्हणाल्या, "ती त्याच्या पहिलींतल्या हाताची होती. आतांची ती नव्हे." मडगार्ड गुळगुळीत आहे, तसेंच राहील.

तेव्हां वाचकांपैकीं कोणाच्या घरीं छपराखालीं एखादी जुनी गाडी असेल आणि मंडळांत शिरण्याचा विचार असेल, तर अवश्य शिरावें. मात्र जातांना ढालीकडे पाहूं नये. कोणाच्या माळ्यावर काय आहे आणि कोणाच्या हातांत काय विद्या आहे, तिकडे पाहावें. जें मंडळ देण्याघेण्यावर चालतें तें भांडूनहि पुन्हां जुळतें. जें नुसत्या गुणांवर चालतें तें बक्षिसें वांटूनहि फुटतें.

कोल्हापुराहून आलेला दुसरा सिलिंडर इतकीं वर्षें आमच्या कपाटांत, त्या ढालीशेजारीं, पडून होता. गेल्या महिन्यांत सोलापुरच्या एका तरुणाचें पत्र आलें. आजोबांची फियाट आहे, मागील डावा ब्रेक गेला आहे, कोठें मिळेल काय? आम्हीं तो तेल लावून पुडक्यांत बांधला आणि सोबत चिठ्ठी घातली. किंमत लिहिली नाहीं.